मॉस नव्हे, क्लबमॉस!

पावसाळ्यात आपली होस्टेलची मंडळी हरिश्चंद्रगड, रतनगडला जातात आणि फोटो निघतात ते धबधब्याचे, नाहीतर एकमेकांचे. इथे केडगावला पाऊस बेताचाच. पण त्याच आपल्या जिल्ह्यातला अकोले तालुका जुलैत नुसता हिरवागार असतो. वाटेतल्या ओल्या कातळावर, झाडाच्या बुंध्याशी जे हिरवे पसरलेले असते, त्याला आपण सरसकट शेवाळ म्हणून मोकळे होतो. त्यातच सेलाजिनेला असते. हे क्लबमॉसचे जवळचे भाऊबंद.

ओळखायचे कसे? मॉसला खऱ्या शिरा नसतात. याच्या खोडात पाणी वाहून नेणारी पाइपलाइन असते. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पाने बघा. सेलाजिनेलाच्या बहुतेक जातींत फांदीवर पानांच्या चार ओळी असतात : बाजूला दोन मोठ्या, वरच्या अंगाला दोन बारीक. मॉसची बोंडे दोऱ्यासारख्या देठावर उभी राहतात. इथे फांदीच्या टोकालाच बारीक शंकू येतो. क्लबमॉसमधले 'क्लब' म्हणजे हीच गदा!

फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, ओल्या पानांवर नुसती चमक येते. ढगाळ उजेड उत्तम. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे दहापट भिंग धरले तरी काम भागते. एक फोटो वरून, एक फांदी हळूच उलटून खालून, एक शंकूचा; आणि शेजारी ड्रॉइंगची स्टीलची पट्टी. नुसत्या हिरव्या गालिच्याचा फोटो कितीही झकास असो, त्यावरून जात सांगता येत नाही. रोप मात्र उपटू नका. यात्रेत 'संजीवनी' म्हणून सुकलेल्या जुड्या विकतात, ती बहुधा मध्य भारतातली सेलाजिनेलाच असते. पाण्यात टाकली की उघडते. पण पाणी शोषून पाने उलगडायला ती जिवंत असावीच लागते असे नाही!

आता मेकॅनिकलवाल्यांसाठी. उत्तरेकडच्या थंड जंगलांतल्या क्लबमॉसची, म्हणजे लायकोपोडियमची, बीजाणूंची पूड तेलकट आणि अतिशय बारीक असते. हवेत उडवून ठिणगी दिली की भडका उडतो. फ्रान्सच्या निएप्स बंधूंनी 1807 मध्ये याच पुडीवर अंतर्ज्वलन इंजिन चालवून सोन नदीत होडी हाकली. त्यांतल्याच निसेफोरने पुढे 1826-27 च्या सुमारास काढलेला फोटो आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना मानतात. आणि 1938 मध्ये चेस्टर कार्लसनने पहिली झेरॉक्स काढली, तीसुद्धा याच पुडीने. सबमिशनच्या आदल्या रात्री झेरॉक्सच्या दुकानापुढे रांगेत उभे असाल, तेव्हा आठवा.