नागपूरमधील मोफत व अल्पदरातील व्यसनमुक्ती उपचार

नागपूरमधील मोफत व अल्पदरातील व्यसनमुक्ती उपचार म्हणजे दारू, तंबाखू, गांजा, अफूजन्य पदार्थ इत्यादींच्या आहारी गेलेल्या व्यक्तींना शासकीय रुग्णालये, अनुदानित पुनर्वसन केंद्रे, धर्मादाय रुग्णालये आणि स्वयंसहाय्य गट यांच्यामार्फत विनामूल्य किंवा नाममात्र शुल्कात मिळणारे वैद्यकीय व मानसशास्त्रीय साहाय्य होय. व्यसनाधीनता हा वारंवार उलटणारा, परंतु उपचारसाध्य आजार मानला जातो.

पार्श्वभूमी

विदर्भातील वर्धा जिल्ह्यात 1974 पासून आणि गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी लागू आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती 2015 मध्ये लागू झाली व 2021 मध्ये उठवण्यात आली. नागपूर जिल्ह्यात अशी बंदी नाही. सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून तयार केला जाणारा खर्रा हे या प्रदेशातील विशेष प्रचलित व्यसन असून त्याचा मुखकर्करोगाशी निकटचा संबंध आहे.

बंदीमुळे पुरवठ्यावर मर्यादा येते, मात्र आधीच अवलंबित्व जडलेल्या व्यक्तीला उपचारांची गरज राहतेच. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, दारूवर अवलंबून असलेल्या दर 38 व्यक्तींपैकी केवळ एकाला कोणत्याही स्वरूपाचे उपचार मिळाले होते, तर रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण 180 मध्ये एक इतकेच होते. लोकलज्जा, खर्चाची भीती आणि उपलब्ध सेवांची माहिती नसणे या गोष्टी उपचारांच्या आड येतात.

शासकीय रुग्णालये

नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय 1864 मध्ये स्थापन झाले. ठाणे, पुणे (येरवडा) व रत्नागिरी येथील रुग्णालयांसह ते राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अखत्यारीत येते. या विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार 15 ऑगस्ट 2023 पासून सर्वांसाठी निःशुल्क करण्यात आले आहेत.

'मेडिकल' या नावाने ओळखले जाणारे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय (स्थापना 1947), 'मेयो' म्हणून परिचित असलेले इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आणि मिहान परिसरातील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था (एम्स) या ठिकाणीही मनोविकारशास्त्र विभाग आहेत. या संस्था सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अखत्यारीत नसल्याने त्यांची शुल्कपद्धती वेगळी आहे. तरीही खासगी रुग्णालयांच्या तुलनेत त्यांचे दर अत्यल्प असतात. बाह्यरुग्ण विभागात नोंदणी करून मनोविकारतज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे ही उपचारांची पहिली पायरी होय.

अनुदानित केंद्रे, धर्मादाय खाटा व मदतवाहिन्या

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालय स्वयंसेवी संस्थांच्या एकात्मिक व्यसनाधीन पुनर्वसन केंद्रांना अनुदान देते. जवळच्या केंद्राची माहिती 14446 या निःशुल्क राष्ट्रीय मदतवाहिनीवर मिळते. मानसिक आरोग्यविषयक समुपदेशनासाठी 'टेली मानस' (14416) ही सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी 1800-11-2356 ही स्वतंत्र मदतवाहिनी आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41कक अन्वये धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. मनोविकार विभाग असलेल्या धर्मादाय रुग्णालयात उत्पन्नाचा दाखला सादर करून या सवलतीची मागणी करता येते.

स्वयंसहाय्य गट

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस (ए.ए.) ही चळवळ 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झाली. नागपुरातही तिचे गट आहेत. सभांना प्रवेशशुल्क नसते, दारू सोडण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट असते आणि सदस्यांची ओळख गोपनीय राखली जाते. रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी अल-अॅनॉन ही समांतर संघटना आहे. हे गट वैद्यकीय उपचारांना पर्याय नसून पूरक मानले जातात.

उपचारांचे टप्पे

पहिला टप्पा निर्विषीकरणाचा असतो. दीर्घकाळ रोज दारू पिणाऱ्या व्यक्तीने ती एकाएकी बंद केल्यास हातापायांना कंप, झटके, भ्रम व वातासारखी गंभीर अवस्था उद्भवू शकते. ती पहिल्या तीन-चार दिवसांत तीव्र होते व उपचारांअभावी जीवघेणीही ठरू शकते. त्यामुळे अशा रुग्णाला घरात कोंडून दारू 'सोडवणे' धोक्याचे असते. यानंतर समुपदेशन, कुटुंबाचा सहभाग आणि पाठपुरावा हे टप्पे येतात. पुन्हा व्यसन सुरू होणे हे अपयश न समजता उपचार पुन्हा चालू करण्याचे कारण समजले जाते.

डायसल्फिरामसारखे औषध रुग्णाच्या नकळत अन्नात मिसळणे घातक आहे, कारण त्यावर दारू प्यायल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या घसरू शकतो.

कायदेशीर हक्क

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 नुसार दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारात होतो. दारिद्र्यरेषेखालील व बेघर व्यक्तींना शासकीय संस्थांमध्ये मोफत उपचारांचा हक्क आहे. केवळ कुटुंबाच्या इच्छेवरून रुग्णाला दाखल करता येत नाही. आधारित प्रवेशासाठी (कलम 89) दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी आवश्यक असून त्याची मुदत 30 दिवसांपर्यंत असते. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या (1985) कलम 64अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील पदार्थाशी संबंधित आरोप असलेल्या व्यसनाधीन व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतल्यास तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेतले जाऊ शकते.

केंद्राची निवड

खासगी निवासी केंद्रांची नोंदणी, डॉक्टर व परिचारिकांची उपलब्धता, एकूण खर्चाची लेखी माहिती आणि नातेवाइकांना भेटण्याची मुभा या बाबी प्रवेशापूर्वी तपासणे आवश्यक ठरते. मारहाण, साखळदंड, सक्तीची मजुरी किंवा हमखास 'कायमची मुक्ती' देण्याचे आश्वासन ही अयोग्य केंद्राची लक्षणे होत.

महाराष्ट्रातील अन्य उपक्रम

पु. ल. देशपांडे व सुनीता देशपांडे यांच्या देणगीतून डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालतो. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या सहभागाने 2016 पासून 'मुक्तिपथ' अभियान राबवले जाते. गावपातळीवरील संघटनांबरोबरच उपचार शिबिरे हे त्याचे एक अंग आहे.