पाणी उकळलं, आकडा जुळला

गरम इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी पुन्हा चावी फिरवली की स्टार्टर नुसता गरगरत राहायचा. कशीबशी गाडी सुरू झाली की मागून काळा धूर आणि पेट्रोलचा भपकारा. सकाळी थंड इंजिनावर मात्र पहिल्या झटक्यात चालू. आमच्या चौदा वर्षांच्या पेट्रोल गाडीचं हे दुखणं एका गॅरेजात 'कूलंटचा सेन्सर गेलाय' म्हणून नवा सेन्सर बसवल्यावरही जसंच्या तसं राहिलं. म्हणून गाडी इचलकरंजीजवळच्या कबनूरमधल्या एका मिस्त्रींकडे नेली. त्यांनी पान्याला हात लावण्याआधी स्कॅनर जोडला. रेडिएटरची वरची नळी हाताला चटका देत होती आणि पडद्यावर इंजिनचं तापमान दिसत होतं 50 अंश.

"सर, नळीला हात लावून बघा की. हे पन्नास हाय व्हय?" मिस्त्री म्हणाले.

कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान मोजणारा हा सेन्सर म्हणजे अंगठ्याएवढा पितळी बोल्ट. त्याच्या पोटात मँगनीज, निकेल अशा धातूंच्या ऑक्साइडचा एक बारीक मणी असतो. तांब्याची तार तापली की विजेला जास्त अडवते. या मण्याचं उलटं आहे. तो अर्धवाहक आहे. उष्णता मिळाली की त्यातले विद्युतभार मोकळे होतात आणि अडथळा झपाट्याने घटतो. हे वागणं मायकेल फॅरडेने 1833 मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहून नोंदवलं होतं. अनेक गाड्यांतल्या सेन्सरचा रोध 20 अंशांना सुमारे 2500 ओहम असतो, 50 अंशांना 830 च्या आसपास आणि 80 अंशांना जेमतेम 320. गाडीच्या कॉम्प्युटरला तापमान थेट कळतच नाही. तो एका ठरलेल्या रोधातून 5 व्होल्ट पाठवतो, सेन्सरवर किती व्होल्ट उरले ते पाहतो आणि त्यावरून अंश ठरवतो.

एवढा खटाटोप कशासाठी? थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं भिंतींना चिकटून राहतं. म्हणून कॉम्प्युटर जादा पेट्रोल सोडतो. जुन्या गाड्यांत आपण चोक ओढायचो, त्यातलाच हा प्रकार. इंजिन तापलं की एक भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा हे प्रमाण पुरतं. तापलेलं इंजिन कॉम्प्युटरला कोमट वाटलं, तर तो पेट्रोल वाढवून देणारच.

इंजिन पुरतं थंड होऊ दिल्यावर मिस्त्रींनी सेन्सर काढला. गरम कूलंट दाबाखाली असतं, घाई केली तर अंगावर उडतं. मग शेगडीवर चहाचं पातेलं ठेवलं, उकळत्या पाण्यात सेन्सरचं टोक तळाला न टेकवता बुडवलं आणि मल्टिमीटरच्या वायरी लावल्या. आकडा उतरत उतरत 196 वर थांबला. या सेन्सरच्या तक्त्यात 100 अंशांसमोर होते 186 ओहम. म्हणजे नवा सेन्सरही दहा ओहमने चुकीचा? नाही. कबनूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर आहे. इथे हवेचा दाब थोडा कमी, त्यामुळे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं, आणि 98 अंशांना 196 ओहमच यायला हवेत. सेन्सर खरा होता.

कॅलिब्रेशन म्हणजे नेमकं हेच: ज्याची खात्री आहे अशा गोष्टीशी मोजणाऱ्याची गाठ घालून देणं. पातेल्यातलं पाणी आपली खात्रीची गोष्ट, पण तीसुद्धा गावाची उंची हिशेबात घेतली तरच. या पट्ट्यात अशी काटेकोर मोजणी परकी नाही. इचलकरंजीजवळच्या यड्रावची 'फाय' कंपनी धातूंची ताकद आणि कठीणपणा तपासणारी यंत्रं बनवते.

मग मिस्त्रींनी सेन्सरला वायरी जोडणारा कपलर उलटा करून उजेडात धरला. आतल्या एका पिनेवर हिरवट बुरशीसारखा थर होता. तांबं गंजलं होतं. मीटर लावला, तर त्या एका जोडातच जवळपास 500 ओहम अडकलेले.

आता बेरीज करून पाहा. सकाळी 20 अंशांना 2500 मध्ये 500 मिळवले की 3000. कॉम्प्युटरला वाटतं 15-16 अंश. चूक चार-पाच अंशांची, इंजिनला फरक पडत नाही. पण 80 अंशांना 320 मध्ये तेच 500 मिळवले की 820. कॉम्प्युटरला वाटतं 50. गंज तेवढाच, चूक थेट तीस अंशांची! सकाळी शहाणी आणि तापल्यावर हट्टी अशी गाडी का वागत होती, ते मला त्या क्षणी कळलं आणि मनापासून आनंद झाला. नवा सेन्सर त्याच गंजक्या कपलरला जोडल्यावर दुसरं काय होणार?

नवा कपलर बसला, सेन्सर बसला, कूलंट भरून त्यातली हवा काढली. सेन्सरभोवती हवेचा बुडबुडा राहिला तर सेन्सर पाण्याऐवजी त्या हवेचं तापमान सांगतो. तरीही काम संपलं नव्हतं. सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीत आणखी एक सेन्सर असतो, ऑक्सिजनचा. बॉशने विकसित केलेला हा सेन्सर 1976 मध्ये प्रथम व्होल्व्हो गाड्यांत आला. गाडी धावताना तो जळलेल्या वायूत ऑक्सिजन किती उरला ते कळवतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. गेले काही महिने तो सतत 'कमी कर' सांगत होता आणि कॉम्प्युटरने ती कपात आठवणीत साठवली होती. चावी फिरवताना मात्र त्याचं ऐकलं जात नाही, कारण 300 अंशांच्या वर तापल्याशिवाय तो बोलतच नाही. म्हणून धूर यायचा तो सुरू करतानाच.

आता खोटी माहिती थांबली, पण जुनी कपात राहिली, तर इंजिन उपाशी पडणार. मिस्त्रींनी स्कॅनरवरून ती आठवण पुसली. "आता वीस-तीस किलोमीटर फिरवा. हळू, जोरात, समदं. शिकू द्या तिला."

हातकणंगले रस्त्याला उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे अडकलो. स्कॅनर अजून जोडलेलाच होता. आकडा 88, 91, 94 असा चढत गेला, समोर पंख्याची घरघर सुरू झाली आणि आकडा पुन्हा खाली येऊ लागला. पुढे टपरीपाशी गाडी बंद केली, चहा घेतला, चावी फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू झाली.