पांढरं दिसतं ते हाडच का?

डावीकडची खालची दाढ काढली, तेव्हा जबड्याचं हाड बरंच झिजलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, "आधी हाडाची भर घालू, दाढ नंतर." चार महिन्यांनी नगरात क्ष-किरण चित्र काढलं. ती जागा पांढरीशुभ्र! मी म्हटलं, "बसवा आता दाढ." डॉक्टर हसले. "हा पांढरेपणा आम्ही भरलेल्या दाण्यांचाही असेल. तुमचं हाड आलंय का, ते बघू."

श्रोतेहो, ही भर चार प्रकारची असते. आपल्याच शरीरातलं हाड, दुसऱ्या माणसानं दान केलेलं, प्राण्याचं, नाहीतर कारखान्यात बनवलेलं. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८पासून ऊतिपेढी आहे. तिथं दानात आलेलं हाड किरणोत्सर्गानं निर्जंतुक करतात. प्राण्याचं हाड बहुधा गोवंशाचं असतं. 'कोणत्या प्राण्याचं?' हा प्रश्न हिंदूच्या घरात येतो, तसा माझ्याही घरात आला. तो संकोच न करता आधीच विचारावा.

यातल्या बहुतेक पदार्थांत कॅल्शियम असतं. म्हणून भरल्या दिवशीच ते चित्रात पांढरे दिसतात. शिवाय साधं चित्र म्हणजे सावली. गालाकडची आणि जिभेकडची भिंत त्यात एकावर एक पडते. हाडातली खनिजं तीस ते पन्नास टक्के कमी होईपर्यंत झीज तिच्यात नीट उमटतही नाही.

मग ओळखायचं कसं? शस्त्रक्रियेच्या दिवशीचं चित्र आणि नंतरची चित्रं एकाच कोनातून काढून शेजारी ठेवायची. दाण्यांच्या कडा पुसट होऊन आजूबाजूच्या हाडासारखी जाळी दिसू लागली, तर ते चांगलं लक्षण. काही दाणे मात्र वर्षानुवर्षं तसेच राहतात. तेवढ्यावरून उपचार फसला म्हणू नये.

माणसाचं पहिलं सीटी स्कॅन १९७१ साली लंडनमध्ये झालं. दातांसाठी आता शंकूच्या आकाराचा किरणझोत वापरणारं स्कॅन असतं. त्यात हाडाची उंची आणि रुंदी नीट मोजता येते. घनतेचे आकडे मात्र तितके भरवशाचे नसतात. प्रयोगशाळेतलं मायक्रो-सीटी हाडाच्या लहानशा तुकड्यातली जाळी मायक्रॉनमध्ये दाखवतं. मोठी भर असेल, तर टेक्नेशियम टोचून केलेल्या बोन स्कॅनमध्ये तिथं रक्त पोचतंय का, हाड घडतंय का, याचा अंदाज येतो. पण नव्या हाडात जिवंत पेशी आहेत का, हे शेवटी सूक्ष्मदर्शकच सांगतो.

माझ्या स्कॅनमध्ये रुंदी पुरेशी भरली, पण दाण्यांच्या कडा अजून ठळक होत्या. मी आणखी तीन महिने थांबलो. घाई केली असती, तर कच्च्या पायावर घर बांधल्यासारखं झालं असतं.

आपल्या जिल्ह्यात लोणीला ग्रामीण दंत महाविद्यालय आहे; आता असे उपचार फार लांबचे राहिले नाहीत. तेव्हा एवढंच करा: पहिल्या दिवसाचं चित्र मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढची सगळी चित्रं त्याच्याशीच ताडून पाहायची असतात.