निवृत्तीनंतरची बढती

आपल्या शिरूर-दौंड भागात फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस ‘मेजर’ असतो. तो शिपाई म्हणून निवृत्त झालेला असो की सुभेदार म्हणून, पारावर, एस.टी.त, सोसायटीच्या दारात त्याला ‘या मेजर’ अशीच हाक पडते. बढती देताना गाव हात आखडता घेत नाही. सरकारी दप्तराचे तसे नाही. तेथे नाइकाच्या बाहीवर दोन फिती आणि हवालदाराच्या बाहीवर तीन. त्या तिसऱ्या फितीनंतर बाही संपते व खांद्यावरचा तारा सुरू होतो. हा पहिला तारा म्हणजे नायब सुभेदार. ज्याला तो मिळायला हवा होता आणि मिळाला नाही, त्याने निवृत्तीनंतर वीस-बावीस वर्षांनी तो मागावा काय, आणि मागितल्यास तो मिळू शकतो काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय रुक्ष वाटेल. परंतु आपल्या महाविद्यालयात अशी अनेक मुले-मुली आहेत की ज्यांच्या घरी हा प्रश्न भिंतीवरच्या फोटोसारखा लटकलेला आहे.

मी या विषयात पडलो तो आमच्या वाडीतील एका निवृत्त हवालदारांमुळे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. मी राज्यशास्त्र घेतले आहे, म्हणजे मला कायदा येतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. १९९६ साली त्यांनी नायब सुभेदार पदासाठी लागणारा प्रमोशन कॅडर पास केला. तशा सर्टिफिकेटची पिवळी पडलेली प्रत त्यांच्या ट्रंकेत आहे. पुढे त्यांच्या मागून भरती झालेले दोघे वर गेले आणि २००१ मध्ये अण्णा हवालदार म्हणूनच घरी आले. चौकशीअंती उत्तर मिळाले ते असे की, कॅडर पास झाल्याची नोंद त्यांच्या कागदपत्रांत आढळत नाही.

‘नोंद आढळत नाही’ या तीन शब्दांचे वजन समजण्यासाठी लष्करातील नोंद कशी होते, हे थोडे पाहिले पाहिजे. जवान असतो पलटणीत आणि त्याचे कागद असतात रेकॉर्ड ऑफिसात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचे आपल्या जवळ खडकीला. जवानाचे लग्न झाले, मूल झाले, तो कोर्स पास झाला, त्याला शिक्षा झाली, की पलटणीचा क्लार्क ‘पार्ट टू ऑर्डर’ काढतो. ती रेकॉर्ड ऑफिसात पोचली की जवानाच्या शीट रोलवर नोंद चढते. पलटण त्या काळात सरहद्दीवर असेल, हलत असेल, किंवा क्लार्क रजेवर असेल, तर ऑर्डर निघायची राहते. माणूस पास झालेला असतो, कागद नापास होतो.

आणि नायब सुभेदार ही बढती केवळ वर्षे मोजून मिळत नाही. कॅडर हवा, शिक्षणाचे व नकाशावाचनाचे सर्टिफिकेट हवे, मेडिकल कॅटेगरी हवी, गोपनीय अहवाल चांगले हवेत आणि शीट रोलवर तांबड्या शाईच्या नोंदी, ज्यांना फौजेत ‘रेड इंक एंट्री’ म्हणतात, मर्यादेबाहेर नसाव्या लागतात. यांपैकी एक चौकट रिकामी दिसली तरी नाव यादीतून गळते. पुढची मेख अशी की, लष्करात हुद्द्यावर सेवेची मुदत ठरते. नायब सुभेदार हवालदारापेक्षा अधिक वर्षे नोकरीत राहतो. तेव्हा बढती हुकली म्हणजे केवळ तारा हुकला नाही. नोकरीची वर्षे गेली, त्या वर्षांचा पगार गेला, आणि पेन्शन शेवटच्या हुद्द्यावर बसत असल्याने तीही कमी बसली. पतीच्या मागे पत्नीला मिळणारे कुटुंबनिवृत्तिवेतनही त्याच पायावर. १ जुलै २०१४ पासून ‘समान हुद्दा, समान पेन्शन’ ही योजना लागू झाली. तिच्या तक्त्यांत हुद्दा आणि सेवेची वर्षे हेच दोन मुख्य रकाने आहेत. त्यामुळे दर पाच वर्षांनी पेन्शन नव्याने बसते तेव्हा जुनी चूकही नव्याने बसते.

असो. आता दाद कोठे मागायची? सैन्य अधिनियम, १९५० च्या कलम २६ प्रमाणे जवानाला व कलम २७ प्रमाणे अधिकाऱ्याला वरिष्ठांकडे तक्रार करण्याचा हक्क आहे. मात्र तो सेवेत असतानाचा. निवृत्तीनंतर अर्ज रेकॉर्ड ऑफिसकडे जातो. पूर्वी त्यापुढे उच्च न्यायालयात रिट एवढाच मार्ग होता. २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण स्थापन झाले व २००९ पासून ते काम करू लागले. महाराष्ट्रासाठी त्याचे खंडपीठ मुंबईला आहे. एक निवृत्त न्यायाधीश व एक निवृत्त वरिष्ठ सेनाधिकारी असे दोघे मिळून प्रकरण ऐकतात. ही जोडी मला फार शहाणपणाची वाटते. कॅडर म्हणजे काय, हे एकाला सांगावे लागत नाही, आणि न्याय म्हणजे काय, हे दुसऱ्याला. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांच्या आत तेथे जावे लागते. उशीर झाल्यास त्याचे कारण पटवावे लागते.

येथेच अण्णांची खरी अडचण आहे. उशिराबद्दलचा पायाभूत निकाल तरसेमसिंग नावाच्या एका सैनिकाच्याच प्रकरणात लागलेला आहे. त्याला १९८३ मध्ये वैद्यकीय कारणावरून सैन्यातून काढले; अपंगत्वाच्या पेन्शनसाठी तो उच्च न्यायालयात गेला १९९९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली निर्णय दिला तो असा: पेन्शन चुकीची बसली असेल तर ती चूक दर महिन्याला नव्याने घडते, म्हणून उशीर झाला तरी दाद मिळेल, परंतु मागील थकबाकी अर्ज करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच. मात्र मागणी ज्येष्ठतेची वा बढतीची असेल, आणि ती मान्य केल्याने इतरांच्या स्थिर झालेल्या हक्कांना धक्का बसत असेल, तर उशीर झालेला दावा शिळा समजावा.

हा भेद मला बरेच दिवस खटकत होता. सेवेत असलेल्या माणसाच्या बाबतीत तो बरोबरच आहे. एकाला वीस वर्षे मागे जाऊन वर चढवले तर दुसऱ्याला खाली उतरवावे लागेल. पण अण्णा व त्यांच्या पुढे गेलेले दोघेही आता घरी शेती पाहतात. अण्णांना आज मागील तारखेने नायब सुभेदार केले, तर कोणाचा तारा उतरणार आहे? यालाच ‘मानीव बढती’ म्हणतात. आपल्या प्राध्यापकवर्गाला ‘मानीव दिनांक’ हा शब्द परिचित आहेच. त्याचाच हा भाऊबंद. माणूस त्या पदावर प्रत्यक्ष बसलेला नसतो, पण बसला होता असे मानून पुढचा हिशोब करतात. त्या काळाचा पगार बहुधा मिळत नाही, कारण काम केलेले नसते. तथापि, ज्याची काम करण्याची तयारी होती आणि ज्याला दोष नसताना दूर ठेवले गेले, त्याला ‘काम नाही तर वेतन नाही’ हा नियम सरसकट लावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली जानकीरामन प्रकरणात म्हटले आहे.

न्यायालये आणखी एक गोष्ट कटाक्षाने पाळतात. बढती मिळण्याचा हक्क कोणालाच नसतो. बढतीसाठी विचार होण्याचा हक्क सर्वांना असतो. म्हणून नोंद चुकली असेल तर न्यायाधिकरण ‘याला बढती द्या’ असे सहसा म्हणत नाही. ‘नोंद दुरुस्त करा आणि पुन्हा विचार करा’ असे म्हणते. याचे गाजलेले उदाहरण कारगिलचे. १९९९ च्या युद्धात बटालिक विभागात लढलेल्या ७० पायदळ ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर देविंदरसिंग यांची तक्रार होती की, त्यांच्या ब्रिगेडच्या कामगिरीचा अहवाल वरिष्ठांनी पक्षपाताने लिहिला व त्यामुळे त्यांची बढती गेली. २०१० मध्ये न्यायाधिकरणाने त्यांचे म्हणणे मान्य केले, युद्धाच्या नोंदी दुरुस्त करण्याचा आदेश दिला आणि मेजर जनरलपदाच्या मानीव बढतीसाठी त्यांचा विचार करावा असे सांगितले. एका अधिकाऱ्याच्या अर्जापायी युद्धाचा लिखित इतिहास दुरुस्त करण्याची वेळ आली!

याहून सूक्ष्म प्रकरण महिला अधिकाऱ्यांचे आहे. २५ मार्च २०२१ रोजी ले. कर्नल नितीशा यांच्या प्रकरणात निकाल देणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचे मूळ गाव आपल्या शेजारच्या खेड तालुक्यातील कनेरसर, हे जाता जाता सांगतो. या अधिकाऱ्यांचे जुने गोपनीय अहवाल लिहिले गेले त्या काळी त्यांना कायम कमिशन मिळण्याची शक्यताच नव्हती. साहजिकच लिहिणाऱ्याने ते निष्काळजीपणे लिहिले. पुढे त्याच अहवालांवरून त्यांची पात्रता मोजली गेली. म्हणजे कागदात खोटे काही नव्हते, आणि तरीही कागद अन्यायाचा होता. न्यायालयाने ती मोजण्याची पद्धत भेदभावाची ठरवली.

अण्णांना मात्र जे सर्वांत बोचते ते यांपैकी काहीच नाही. काही हवालदारांना निवृत्तीच्या वेळी ‘ऑनररी नायब सुभेदार’ असा मानाचा हुद्दा मिळतो. पूर्वी हा बहुतांशी मानच होता. सहाव्या वेतन आयोगानंतर, १ जानेवारी २००६ पासून, हा मानाचा हुद्दा पेन्शनपुरता खऱ्या बढतीसारखा धरायचे ठरले. परंतु त्यापूर्वी निवृत्त झालेल्यांना वगळले. हवालदार न्यायाधिकरणात गेले, जिंकले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २०१५ मध्ये तेथेही हवालदारांच्याच बाजूने निर्णय झाला. आमच्या शेजारच्या गावातील एका हवालदारांना आज त्यामुळे नायब सुभेदाराची पेन्शन मिळते. त्याबद्दल अण्णांना असूया नाही. पण “त्याला मानाचा तारा मिळाला, मी परीक्षेचा मागतोय,” असे ते म्हणाले, तेव्हा मला उत्तर सुचले नाही. मी विचारले, “अण्णा, तुम्हाला पैसे महत्त्वाचे की हुद्दा?” त्यावर ते म्हणाले, “पैसे सोडायचे नाहीत. पण नातीच्या लग्नाच्या पत्रिकेत काय छापायचं, ते आधी ठरू दे.”

अमेरिकेत अशा कामासाठी स्वतंत्र मंडळच आहे. १९४६ पूर्वी तेथे एखाद्या सैनिकाची नोंद बदलायची तर संसदेत त्याच्या नावाचे विधेयक आणावे लागे. त्या वर्षी कायदा होऊन ही विधेयके बंद झाली आणि मुलकी माणसांची दुरुस्ती मंडळे आली. चूक कळल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा. पण न्यायासाठी आवश्यक वाटल्यास मंडळ ही अट सोडू शकते. वेस्ट पॉइंटचा पहिला कृष्णवर्णीय पदवीधर हेन्री फ्लिपर याला १८८२ मध्ये बडतर्फ केले होते. तो १९४० मध्ये वारला, आणि १९७६ मध्ये मंडळाने त्याची निवृत्ती सन्मानपूर्वक झाल्याची नोंद १८८२ च्याच तारखेने केली. त्याचा दोषसिद्धीचा निकाल मात्र मंडळाला पुसता आला नाही. त्यासाठी १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्षांची माफी लागली. आपल्याकडे असे स्वतंत्र मंडळ नाही. ज्या शिडीने नोंद केली, त्याच शिडीच्या तळाशी अर्ज ठेवावा लागतो. माझ्या मते ही उणीव मोठी आहे, कारण न्यायाधिकरणापर्यंत जाण्याचे बळ प्रत्येक हवालदारात नसते.

ज्यांच्या घरी असे प्रकरण असेल त्यांनी प्रथम डिस्चार्ज बुक व पेन्शनचा आदेश, म्हणजे पी.पी.ओ., शेजारी ठेवून हुद्दा आणि सेवेची वर्षे ताडून पाहावीत. माहितीच्या अधिकारात शीट रोलची प्रत मागता येते. ही घाई एवढ्यासाठी की, पेन्शन न मिळालेल्या जवानाचा शीट रोल पंचवीस वर्षांनी नष्ट करतात. मग उरतो फक्त ‘लाँग रोल’, ज्यात नाव-नंबराखेरीज फारसे काही नसते.

अण्णा पेन्शनर असल्याने त्यांचे कागद शाबूत आहेत. आम्ही अर्ज लिहिला तो या क्रमाने: आधी कॅडरची नोंद, मग मानीव बढतीचा विचार, आणि शेवटी पेन्शनमधील फरक, तोही तीन वर्षांचाच. हे शेवटचे कलम त्यांना मुळीच पटले नाही. मी त्यांना तरसेमसिंगचा निकाल मराठीत समजावून सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला, चष्मा काढला आणि विचारले, “कुठल्या पलटणीचा होता रे तो?”

अर्ज सर्टिफिकेटच्या साक्षांकित प्रतीसह शिरूरच्या पोस्टातून स्पीड पोस्टाने गेला आहे.