दाबाची उतरण

स्क्रू ड्रायव्हरचं टोक व्हॉल्व्हच्या बॉडीवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आतून खडी वाहिल्यासारखा खडखडाट आला, की जाणता फिटर ओळखतो: कॅव्हिटेशन.

सिन्नरजवळ गुळवंचला औष्णिक वीज प्रकल्पात 270 मेगावॅटचे 5 संच उभे राहिले. अशा संचांमध्ये बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या फीड पंपाच्या रिसर्क्युलेशन व्हॉल्व्हचं काम सर्वांत कठीण. बॉयलरची मागणी घटली तरी पंपातून किमान प्रवाह चालू ठेवावा लागतो, नाहीतर पंप तापून निकामी होतो. हे पाणी डीएरेटरकडे, म्हणजे विरलेली हवा काढणाऱ्या टाकीकडे, परतताना दीडशे बारहून अधिक दाब वाटेतच उतरवावा लागतो.

प्लग आणि सीटमधल्या फटीत पाण्याचा वेग वाढतो, दाब पडतो. तो बाष्पदाबाखाली गेला, की आणखी न तापताही पाणी उकळून बुडबुडे धरतात. पुढे दाब पुन्हा चढतो आणि बुडबुडे मिटतात. धातूलगत मिटणाऱ्या बुडबुड्यातून पाण्याची सूक्ष्म धार सपकन आदळते. या मिटण्याचं गणित लॉर्ड रॅले यांनी 1917 साली मांडलं. असे घाव सोसलेला प्लग जळक्या कोळशासारखा खडबडीत दिसतो. झीज गुळगुळीत असेल, तर ते फ्लॅशिंग: दाब पुरेसा चढलाच नाही, वाफ वाफच राहिली.

व्हॉल्व्हच्या जातीनेही फरक पडतो. 80 अंश सेल्सिअसचं पाणी 10 बार निरपेक्ष दाबाने आलं, तर ग्लोब व्हॉल्व्हमध्ये साधारण पावणेआठ बार उतरल्यावर प्रवाह चोक होतो, म्हणजे पुढचा दाब आणखी उतरवूनही वाढत नाही. बॉल व्हॉल्व्हमध्ये साडेतीन बारच्या आसपासच. झीज त्याच्याही आधी सुरू होऊ शकते.

स्टेलाइटसारख्या टणक धातूने आयुष्य वाढतं, पण बुडबुडे धरायचे थांबत नाहीत. बारवेत आपण पायऱ्यांनी उतरतो. व्हॉल्व्हच्या आतली मल्टिस्टेज ट्रिम पाण्याचा दाब तसाच टप्प्याटप्प्याने उतरवते. शेवटच्या पायऱ्या लहान ठेवतात, कारण तिथे दाब बाष्पदाबाच्या जवळ आलेला असतो. दाबातला फरक मध्यम असेल, तर प्लगभोवतीचा, समोरासमोर भोकं पाडलेला केज धारा एकमेकींवर आदळवतो आणि बुडबुडे धातूपासून दूर, मधल्या पाण्यात मिटतात. शक्य असेल तिथे व्हॉल्व्ह सखल जागी, पाणी तापण्याआधीच बसवावा.

सिन्नरच्याच माळेगाव, मुसळगावच्या कारखान्यांतही पाण्याचा नियम हाच. म्हणून व्हॉल्व्ह मागवताना पाइपाच्या व्यासावर थांबू नये. आधीचा दाब, नंतरचा दाब, तापमान आणि प्रवाह कागदावर हवेत, तेही भर कामाचे आणि किमान प्रवाहाचे, दोन्ही. प्लग वाचतो तो या चार आकड्यांवर.