भाकड गाईची सावली

उन्हाळ्यात दूध कमी होणारच, हे आपण गृहीत धरून चालतो. गोठे पाहत फिरताना मला मात्र वाटत आले आहे की, या घटीत उन्हाचा जेवढा वाटा आहे, तेवढाच आपल्या व्यवस्थेचाही आहे.

गाईचे पोट म्हणजे एक भट्टीच. चारा आंबताना उष्णता निर्माण होते. चारा आणि दूध जितके अधिक, तितकी उष्णता अधिक. होल्स्टिन फ्रिजियन ही थंड प्रदेशातली गाय. पारा साधारण 25 अंशांपुढे गेला की ही उष्णता बाहेर टाकणे तिला जड जाऊ लागते. हवा दमट असेल तर अधिकच. मग ती धापा टाकते, चारा सोडते. खिलार गाय दूध थोडे देते, म्हणून तिची भट्टी मंद. शिवाय आखूड केस आणि घाम येण्याची क्षमता तिच्या कामी येते. मणिभाई देसाई यांनी 1967 साली उरुळीकांचनला स्थापलेल्या ‘बाएफ’ने संकरित गाय खेडोपाडी पोचवली. घरात दूध वाढले, पण गाईचा उन्हाळा सांभाळण्याचे कामही वाढले.

त्यासाठी फार खर्च लागतो असे नाही. दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असते. तरी दावणीची गाय बादली पुढे येईपर्यंत तहानलेली राहते. मुक्तसंचार गोठ्यात ती हवे तेव्हा पिते. चारा खाल्ल्यावर काही तासांनी उष्णता वाढते, म्हणून मोठी वैरण पहाटे आणि रात्री टाकावी. अंगावर पाणी मारायचे तर वारा खेळता हवा. नाहीतर नुसता दमटपणा वाढतो.

सर्वांत दुर्लक्षित असते ती आटवलेली गाभण गाय. दूध देत नाही म्हणून तिला छपराबाहेर बांधलेली मी अनेकदा पाहतो. पण विण्यापूर्वीच्या या दोन महिन्यांतच कासेतल्या दूध बनवणाऱ्या पेशी नव्याने वाढतात. फ्लोरिडा विद्यापीठातल्या प्रयोगांत भाकड काळात थंडावा मिळालेल्या गाईंनी व्याल्यानंतर जास्त दूध दिले. व्याल्यानंतरची सोय मात्र सगळ्यांना सारखीच होती. आईच्या पोटात असताना उष्णतेचा ताण सोसलेल्या कालवडीही पुढे पहिल्या वेताला कमी दूध देताना आढळल्या. म्हणजे वैशाखातली एक सावली दोन पिढ्यांच्या दुधाला पुरते. जागा एकाच गाईपुरती असेल, तर ती कोणाला द्यायची याचा विचार म्हणूनच पुन्हा करायला हवा.