लाचारीचे अन्न आणि कष्टाचे अन्न

आपण काय खातो हे फक्त भूक आणि पैसा ठरवत नाही, जातही ठरवते. १९ व २० मार्च १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस आणि उष्टे तुकडे सोडायला सांगितले. आपल्या आज्या-पणज्यांनी ते सोडले, कारण त्या अन्नासोबत ताटात अपमान येत होता.

पण सोडायचे काय आणि जपायचे काय, यात आज गल्लत होते. वेंगुर्ल्यात काम करताना मी पाहते, उकड्या तांदळाची पेज, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, सुकी मासळी हे 'गरिबांचं जेवण' म्हणून मुलं लाजतात. त्याजागी बिस्किटे आणि मैदा येतो. प्रत्यक्षात १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. भात सालीसकट उकडल्याने कोंड्यातले ब जीवनसत्त्व दाण्यात मुरते. सुक्या मासळीत भरपूर प्रथिने असतात. मात्र मीठ जास्त, म्हणून ती धुऊन, बेताने खावी.

बुद्धांनी उपासमारही नाकारली आणि चैनही. भोजनातली मात्रा ओळखणे हाही मध्यम मार्गच. लाचारीचे अन्न आपण नाकारले, ते योग्यच झाले. कष्टाच्या अन्नाची लाज कशाला? विहारातल्या पुढच्या कार्यक्रमात बिस्किटांऐवजी नाचणीची आंबील ठेवून बघूया.